कच्च्या रेखाटनापासून पूर्ण जलरंगचित्रापर्यंत : नव्याने सुरुवात करणाऱ्यांसाठी कामाचा क्रम

वहीतले छोटे रेखाटन जिवंत वाटते आणि त्यावरून मोठ्या कागदावर केलेले जलरंगचित्र मात्र ताठर, मळकट किंवा अर्धवट दिसते, अशी तक्रार या माध्यमात नव्याने काम करणारे जवळजवळ सगळेच करतात. दोष हाताला दिला जातो, पण बहुतेक वेळा तो कामाच्या क्रमात असतो. रेखाटन आणि पूर्ण चित्र यांच्यामध्ये बरेच निर्णय दडलेले असतात : चौकटीत काय ठेवायचे आणि काय गाळायचे, उजेड कुठून येतो, सर्वांत गडद जागा कोणती, कोणते रंग एकमेकांत मिसळायचे, कोणती कड स्पष्ट ठेवायची आणि कोणती विरघळू द्यायची. हे सारे निर्णय ओल्या कागदासमोर, रंग वाळण्याच्या आत घ्यायची वेळ आली की सराईत चित्रकाराचीही धांदल उडते.

जलरंगात ही धांदल विशेष नडते. तैलरंगात किंवा ॲक्रिलिकमध्ये नको असलेला भाग वरून अपारदर्शक थर देऊन झाकता येतो. पारदर्शक जलरंगात खालचे सगळे वर दिसत राहते आणि पांढरा म्हणजे न रंगवलेला कागदच. म्हणून प्रत्येक टप्प्यावर एकाच प्रकारचा प्रश्न सोडवावा आणि तो सुटल्याशिवाय पुढे जाऊ नये. पुढचे सर्व टप्पे या एका नियमाभोवती रचले आहेत. विषय निसर्गदृश्याचा असो, इमारतीचा असो, वस्तुचित्राचा असो किंवा व्यक्तीचा, क्रम हाच राहतो.

लागणारे साहित्य

नवशिके सहसा रंगांवर खर्च करतात आणि कागद हलका घेतात. माझ्या मते हे उलटे असायला हवे. साध्या रंगांनीही चांगल्या कागदावर नीट काम होते, पण उत्तम रंगसुद्धा पाणी सोसू न शकणाऱ्या कागदावर वाया जातो.

- कागद : किमान ३०० जीएसएम (दर चौरस मीटरला ग्रॅम) वजनाचा, शक्य असल्यास शंभर टक्के कापसाचा. मध्यम पोताचा 'कोल्ड प्रेस्ड' कागद सुरुवातीला सोयीचा असतो. 'हॉट प्रेस्ड' गुळगुळीत असल्याने त्यावर रंग सरकतो आणि 'रफ' कागदावर बारीक तपशील अवघड जातात.
- त्याच कागदाच्या काही पट्ट्या आणि छोटे तुकडे, चाचणीसाठी.
- स्केचबुक, एचबी, २बी आणि ४बी पेन्सिली, मळता येणारा मऊ खोडरबर, मोजपट्टी, ट्रेसिंग पेपर.
- रंगाच्या पाच-सहा नळ्या (कोणत्या, ते चौथ्या टप्प्यात).
- एक रुंद चपटा ब्रश, १० किंवा १२ क्रमांकाचा टोक नीट जुळणारा गोल ब्रश आणि एक बारीक ब्रश.
- पाण्याची दोन भांडी, पांढरे पॅलेट, सुती फडके, बोर्ड, मास्किंग टेप.
- पुठ्ठ्याचे दोन 'एल' आकाराचे तुकडे, जे एकमेकांवर सरकवून हवी तशी चौकट तयार करता येते.

१. रेखाटन कशासाठी आवडले, ते एका वाक्यात लिहा

पेन्सिल पुन्हा हातात घेण्याआधी हे वाक्य लिहावे. 'जुना जिना' हे वाक्य नव्हे. 'खिडकीतून येणारा तिरका उजेड जिन्याच्या खालच्या तीन पायऱ्यांवरच पडला आहे' हे वाक्य झाले. अशा वाक्यातून चित्रातला मुख्य भाग कोणता, दुय्यम कोणता आणि अनावश्यक काय हे आपोआप ठरत जाते. वाक्यात 'आणि' दोनदा आले, तर बहुधा तुमच्या मनात दोन चित्रे आहेत आणि ती वेगळी करायला हवीत. हे वाक्य कागदाच्या चिठ्ठीवर लिहून काम संपेपर्यंत बोर्डाच्या कडेला लावून ठेवावे.

याच वेळी रेखाटनात कोणती माहिती नाही, तेही तपासावे. उजेडाची दिशा नोंदलेली आहे का? दोन वस्तू जिथे मिळतात, तिथली जोडणी कळते आहे का? सावली जमिनीवर कुठे संपते? शक्य असेल तर विषयाकडे परत जाऊन, साधारण त्याच वेळेच्या उजेडात, फक्त या उणिवांपुरती जोड-रेखाटने करावीत. छायाचित्राचा आधार घेण्यात गैर काही नाही, पण त्याच्या दोन खोडी माहीत हव्यात : कॅमेरा सावलीतले तपशील काळ्यात बुडवतो किंवा उजेडातले पांढऱ्यात हरवतो, आणि रुंद कोनाची लेन्स चौकटीच्या कडेच्या वस्तू ताणून दाखवते. छायाचित्रातली काळी सावली जशीच्या तशी रंगवली, की चित्राला तिथे भोक पडल्यासारखे दिसते.

२. लहान चौकटींमध्ये रचना ठरवा

आता मूळ रेखाटन समोर ठेवून त्याच्या सहा ते आठ लहान आवृत्त्या काढाव्यात. प्रत्येक चौकट काड्यापेटीपेक्षा थोडी मोठी असली तरी पुरते आणि तीन-चार मिनिटांपेक्षा जास्त वेळ घेऊ नये. मुद्दाम जाड, बोथट ४बी पेन्सिल वापरावी, कारण तिने तपशील काढताच येत नाहीत आणि या टप्प्यावर तपशील नकोच असतात.

पहिला सापळा इथेच असतो. स्केचबुकचे पान एका प्रमाणाचे, अंतिम कागद दुसऱ्या प्रमाणाचा, आणि हे लक्षात येते ते रेखाटन मोठे करताना. मग वर किंवा बाजूला रिकामी पट्टी उरते आणि ती भरायला आकाशात ढग किंवा कोपऱ्यात झुडूप घुसडले जाते. जलरंगाच्या पूर्ण कागदाचे माप साधारण ५६ × ७६ सेंटिमीटर असते आणि त्याच्या चौथ्या हिश्श्याचे २८ × ३८. या चौथ्या हिश्श्यावर चित्र करायचे असेल, तर लहान चौकट साधारण ५.५ × ७.५ सेंटिमीटरची घ्यावी. मापे मोजायची नसतील, तर अंतिम कागदाच्या एका कोपऱ्यातून समोरच्या कोपऱ्याकडे जाणारा कर्ण कल्पावा; त्या कर्णावरचा कोणताही बिंदू घेऊन काढलेली चौकट कागदाच्याच प्रमाणात असते.

प्रत्येक चौकटीत एकच गोष्ट बदलावी. एकीत क्षितिज वर न्यावे, दुसरीत खाली आणावे, तिसरी उभी करावी, चौथीत मुख्य वस्तूच्या अगदी जवळ जावे, पाचवीत एखादी वस्तू काढूनच टाकावी. चौकटीचे उभे-आडवे तीन भाग करून मुख्य भाग त्या रेषांच्या छेदाजवळ ठेवण्याचा प्रसिद्ध नियम अडखळल्यावर उपयोगी पडतो, पण तो सतत पाळण्यासारखा कायदा नाही. त्याहून जास्त लक्ष या गोष्टींकडे द्यावे : क्षितिज बरोबर मध्यावर येऊन चित्राचे दोन सारखे तुकडे होत आहेत का, एखादी ठळक रेषा थेट कोपऱ्यात जाऊन नजर बाहेर नेते आहे का, आणि दोन वस्तूंच्या कडा एकमेकींना नुसत्या टेकल्या आहेत का. टेकलेल्या कडा अंतराचा भास मोडतात. वस्तू एक तर स्पष्टपणे एकीमागे एक असाव्यात, नाही तर त्यांच्यात मोकळी जागा असावी.

तैलरंगात रचना कॅनव्हासवरही बदलता येते. पिकासोने १९३७ मध्ये 'ग्वेर्निका' रंगवले, तेव्हा छायाचित्रकार डोरा मारने त्या कामाच्या निरनिराळ्या अवस्थांची छायाचित्रे घेतली. सुरुवातीच्या छायाचित्रांत ठळकपणे दिसणारा, मूठ वळून वर उचललेला हात पूर्ण झालेल्या चित्रात नाही. जलरंगात असा हात मागाहून पुसता येत नाही. तो या लहान चौकटीतच पुसावा लागतो.

३. उजेड-अंधाराचा अभ्यास करा

संपूर्ण प्रक्रियेत सर्वाधिक गाळला जाणारा आणि माझ्या मते सर्वांत निर्णायक टप्पा हा आहे. चित्रकार ज्याला टोन म्हणतात, तो म्हणजे रंगाचा केवळ गडद-फिकेपणा. रंग लाल आहे की निळा, याच्याशी त्याचा संबंध नाही. दूरवरून पाहताना चित्राचा जो पहिला ठसा उमटतो, तो रंगांचा कमी आणि टोनचा जास्त असतो. टोन बरोबर असतील, तर रंग बराच इकडेतिकडे झाला तरी चित्र तग धरते. टोन चुकलेले असतील, तर अचूक रंगही ते सावरू शकत नाहीत.

निवडलेली लहान चौकट घेऊन ती फक्त तीन टोनमध्ये करावी : कोरा कागद, एक मधला करडा आणि एक गडद. पेन्सिल चालते, पण एकाच गडद जलरंगाचे पातळ आणि दाट असे दोन वॉश, म्हणजे पाण्यात कालवलेल्या रंगाचे सलग थर, वापरले, तर ब्रशचा सरावही होतो. विषयाकडे डोळे बारीक करून पाहावे, म्हणजे तपशील नाहीसे होऊन फक्त मोठे पुंजके उरतात. मधल्या टोनमध्ये जे जे बसते, ते सगळे एकाच वॉशमध्ये जोडून टाकावे, मग त्यात झाडाचा बुंधा, भिंत आणि जमीन एकत्र गेली तरी चालेल. या जोडण्यातूनच चित्राला बांधणी मिळते. नवशिक्यांची चित्रे विस्कळीत दिसतात, कारण त्यांत प्रत्येक वस्तू स्वतंत्रपणे बाह्यरेषेच्या आत रंगवलेली असते आणि सावल्या एकमेकींना कुठेच भेटत नाहीत.

तिन्ही टोनचे क्षेत्रफळ सारखे होऊ देऊ नये. एक टोन चित्रभर पसरलेला, दुसरा त्याहून पुष्कळ कमी आणि तिसरा अगदी थोडा, अशी वाटणी केल्यावर तो थोडा टोन आपोआप लक्ष वेधतो. पहिल्या टप्प्यातले वाक्य इथे पुन्हा वाचावे. उजेड तीन पायऱ्यांवर आहे असे लिहिले असेल, तर कोरा कागद त्या तीन पायऱ्यांपुरताच राहायला हवा. आकाश, भिंत आणि फरशीही पांढरी राहिली, तर पायऱ्यांचा उजेड कुणाला दिसणार नाही.

या टप्प्यावर मनाची एक सवय आड येते. वस्तूचा रंग आपल्याला माहीत असतो आणि आपण दिसते त्याऐवजी माहीत असलेले रंगवतो. सावलीतली पांढरी भिंत उन्हातल्या करड्या रस्त्यापेक्षा गडद असू शकते, पण 'भिंत पांढरी आहे' हे ठाऊक असल्यामुळे ती फिकीच ठेवली जाते. यावर उपाय म्हणून पुठ्ठ्याला पेन्सिल जाईल एवढी दोन छिद्रे पाडून, एकातून भिंत आणि दुसऱ्यातून रस्ता पाहून तुलना करावी. फोनवर घेतलेले कृष्णधवल छायाचित्र ढोबळ पडताळणीपुरते ठीक आहे. मात्र निरनिराळे रंग करड्यात उतरवण्याची फोनची पद्धत आपल्या डोळ्यांशी तंतोतंत जुळत नाही, म्हणून त्यावर पूर्ण विसंबू नये.

इंग्रज चित्रकार जॉन कॉन्स्टेबल सुमारे सहा फूट रुंदीच्या मोठ्या निसर्गचित्रांसाठी तितक्याच आकाराची कच्ची तैलरेखाटने करत असे. १८२१ च्या 'द हे वेन' या चित्राचे असे पूर्ण आकाराचे कच्चे रूप लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहे आणि पूर्ण झालेले चित्र त्याच शहरातल्या नॅशनल गॅलरीत. कच्च्या रूपात हात मोकळा आणि तपशील ढोबळ आहेत, पण उजेड आणि सावली यांची मुख्य वाटणी आधीच झालेली दिसते. तुम्हाला एवढ्या आकाराची गरज नाही. पोस्टकार्डाएवढा अभ्यास पुरतो. तीन टोनचा अभ्यास खोलीच्या दुसऱ्या टोकाला ठेवून पाहावा आणि विषय ओळखू येत असेल, तरच पुढे जावे.

४. रंग आधी ठरवा आणि वाळलेले पाहा

पाच-सहा रंग पुरेत. एक उबदार पिवळा, एक थंड पिवळा, एक गुलाबीकडे झुकणारा लाल, अल्ट्रामरीन निळा, एक हिरवटपणाकडे झुकणारा निळा (उदाहरणार्थ फ्थॅलो निळा) आणि बर्न्ट सिएना हा तांबूस तपकिरी, एवढ्यात बहुतेक विषय निभावतात. अल्ट्रामरीन आणि बर्न्ट सिएना यांच्या मिश्रणातून उबदार तपकिरीपासून थंड करड्यापर्यंतची सगळी मालिका आणि जवळपास काळा म्हणता येईल असा गडद रंग मिळतो, त्यामुळे वेगळ्या काळ्या नळीची गरज उरत नाही. एका मिश्रणात शक्यतो दोन आणि फार तर तीन रंगद्रव्ये असावीत. त्यापुढे गेल्यावर रंग मळतो.

नळीवरचे मोहक नाव वाचण्याऐवजी तिच्यावर छापलेला रंगद्रव्याचा संकेतांक वाचावा. एकाच नावाखाली निरनिराळे उत्पादक निरनिराळी द्रव्ये विकतात, संकेतांक मात्र फसवत नाही. अल्ट्रामरीनचा संकेतांक पीबी २९ आहे. मूळ अलिझरिन क्रिमसन या गडद लाल रंगाचा पीआर ८३ आहे आणि ते द्रव्य उजेडात फिके पडते. त्याऐवजी पीव्ही १९ या संकेतांकाचे क्विनाक्रिडोन घ्यावे. रंग उडण्याची भीती काल्पनिक नाही. व्हॅन गॉगने १८८८ मध्ये काढलेल्या आपल्या शयनगृहाच्या चित्रातल्या भिंती आज निळ्या दिसतात, पण त्या मूळच्या जांभळ्या होत्या. मिश्रणातले लाल द्रव्य उडाले आणि निळे तेवढे मागे राहिले.

आता अंतिम कागदाच्याच तुकड्यावर लहान रंगीत अभ्यास करावा. स्केचबुकच्या कागदावर केलेली चाचणी निरुपयोगी ठरते, कारण शोषण वेगळे असल्याने तोच रंग दोन कागदांवर वेगळा वागतो. चाचणीचा निकाल रंग पूर्ण वाळल्यावरच घ्यावा. जलरंग वाळल्यावर स्पष्टपणे फिका होतो, त्यामुळे ओला असताना 'बरोबर' वाटणारा गडद टोन वाळल्यावर कमी पडतो. सावलीचा रंग ओला असताना थोडा जास्तच गडद वाटायला हवा. कोणता रंग पुसला जातो आणि कोणता कागद धरून बसतो, हेही याच पट्टीवर ओल्या ब्रशने घासून पाहावे. अल्ट्रामरीन बऱ्यापैकी उचलता येतो, फ्थॅलो निळा मात्र डाग ठेवतो.

५. रेखाटन अंतिम कागदावर उतरवा

निवडलेल्या लहान चौकटीवर उभ्या-आडव्या रेषांची जाळी आखावी आणि तितक्याच घरांची मोठी जाळी, चित्राच्या आकाराच्या साध्या कागदावर आखून घराघराने रेखाटन मोठे करावे. जाळी थेट जलरंगाच्या कागदावर आखू नये. खोडताना कागदावरचे सरसाचे आवरण खरवडले जाते आणि त्या जागी रंग जास्त शोषला जाऊन कायमचे गडद डाग पडतात. सगळी खोडाखोड, सगळे यथादर्शनाचे (दूर-जवळच्या भासाचे) दुरुस्तीकाम साध्या कागदावर संपवून मग ट्रेसिंग पेपरवर फक्त आवश्यक रेषा घ्याव्यात.

ट्रेसिंग पेपरच्या मागच्या बाजूला ४बी पेन्सिलीने हलके शिसे चोळून, कापसाने पुसून जादाची पूड काढून टाकावी, कागद टेपने जागेवर धरावा आणि पुढून कठीण टोकाच्या पेन्सिलीने रेषा गिरवाव्यात. कार्यालयात वापरतात तो कार्बन पेपर चुकूनही वापरू नये. त्याच्या मेणट रेषा पाणी झटकतात आणि खोडल्याही जात नाहीत. गिरवताना जोर दिला, तर कागदात चर पडतात आणि त्यांत रंग साचून गडद रेषा उमटतात.

उतरवलेली रेषा मेल्यासारखी दिसते, कारण गिरवताना हात विचार करत नाही. म्हणून उमटलेल्या पुसट खुणांवर मूळ रेखाटन समोर ठेवून एचबी पेन्सिलीने पुन्हा, मोकळ्या हाताने रेषा काढावी. जिथे कड विरघळणार आहे, तिथे रेषा तोडावी. फिक्या पिवळ्या किंवा आकाशी वॉशखाली येणाऱ्या रेषा आधीच पुसट करून घ्याव्यात, कारण रंगाखाली गेलेली पेन्सिल नंतर सहजासहजी खोडता येत नाही.

६. कागद बोर्डवर बसवा आणि पांढरे राखून ठेवा

३०० जीएसएमचा लहान कागद चारही बाजूंनी मास्किंग टेपने बोर्डला लावला तरी चालते. त्याहून हलका कागद भिजवून, गोंदपट्टीने बोर्डवर ताणून, पूर्ण वाळू द्यावा. नाहीतर पहिल्याच वॉशला तो लाटांसारखा उठतो आणि रंग खळग्यांत साचतो. बोर्डाच्या मागच्या बाजूला एखादा ठोकळा ठेवून थोडा उतार द्यावा.

पांढऱ्या जागा शक्यतो ब्रशनेच वगळाव्यात. मास्किंग फ्लुइडने (कागदावर लावून, रंगकाम झाल्यावर सोलून काढायच्या रबरी द्रवाने) राखलेल्या जागांच्या कडा कापल्यासारख्या दिसतात, म्हणून ते पाण्यावरची चमक किंवा बारीक तारा अशा थोड्या जागांपुरतेच वापरावे. ते लावण्याआधी जुना ब्रश साबणाच्या पाण्यात बुडवावा, ड्रायरची गरम हवा त्यावर मारू नये आणि कागद पूर्ण वाळल्यावर त्याच दिवशी ते काढून टाकावे. मऊ कागदावर ते पृष्ठभागासकट निघते. आधी तुकड्यावर पाहावे.

७. फिक्यापासून गडदाकडे, मोठ्यापासून लहानाकडे

पहिला वॉश संपूर्ण चित्रावर, राखलेल्या पांढऱ्या जागा सोडून, फिका आणि सलग द्यावा. आकाशापासून जमिनीपर्यंत ब्रश न उचलता, वाटेत रंग बदलत जाता येते. पॅलेटवर रंग वाटतो त्याच्या दुप्पट कालवून ठेवावा, कारण अर्ध्या वॉशमध्ये रंग संपला आणि तो कालवेपर्यंत कड वाळली, तर ती रेषा पुढे कशानेही लपत नाही.

यानंतरचे सगळे यश कागदाचा ओलेपणा ओळखण्यावर अवलंबून असते. कागद चकाकत असताना घातलेला रंग पसरून मऊ होतो. चकाकी मावळली पण कागद अजून दमट आहे, ही सर्वांत धोक्याची वेळ असते. या वेळी जास्त पाणी असलेला ब्रश टेकवला, की पाणी आधीच्या रंगद्रव्याला ढकलत फुलकोबीच्या आकाराचा डाग उमटवते. दमट कागदावर काम करायचेच असेल, तर ब्रशमध्ये कागदापेक्षा कमी पाणी आणि जास्त रंग असावा. कागद वाळला की नाही, हे हाताच्या पालथ्या बाजूने पाहावे. स्पर्श गार लागला, तर आत अजून ओल आहे आणि पुढचा थर देऊ नये.

दुसरा थर तिसऱ्या टप्प्यात ठरवलेल्या मधल्या टोनचा. इथे टोनचा अभ्यास शेजारी ठेवावा आणि जोडलेले पुंजके जोडूनच रंगवावेत. सावलीच्या एका सलग वॉशमध्ये, तो ओला असतानाच, कुठे थोडा उबदार आणि कुठे थोडा थंड रंग सोडला, तर सावली पोकळ वाटत नाही. जिथे नजर थांबावी असे वाटते, तिथली कड कोरडी आणि तीक्ष्ण ठेवावी. बाकी ठिकाणी स्वच्छ ओलसर ब्रश कडेवरून फिरवून ती विरघळू द्यावी. सगळ्या कडा सारख्याच तीक्ष्ण असलेले चित्र कात्रणे चिकटवल्यासारखे दिसते.

गडद टोन शेवटी, थोडे आणि एकाच हाताने द्यावेत. एकाच जागी चौथा-पाचवा पातळ थर देऊन गडदपणा गाठण्यापेक्षा, दाट रंगाचा एकच निश्चित थर पुष्कळ ताजा दिसतो. बारीक ब्रश या वेळेपर्यंत हातात घेऊच नये.

८. थांबा आणि चित्र अनोळखी करून पाहा

गडद टोन दिल्यावर लगेच 'शेवटचा हात' फिरवण्याचा मोह होतो. त्याऐवजी चित्र पूर्ण वाळू द्यावे, शक्य असेल तर दुसऱ्या दिवशी पाहावे. आरशात पाहिल्यास कललेल्या उभ्या रेषा आणि एका बाजूला झुकलेली रचना लगेच कळते. चित्र उलटे करून पाहिल्यास विषय विसरला जाऊन टोन आणि आकार उरतात. मग चिठ्ठीवरचे वाक्य वाचावे आणि फक्त त्या वाक्याला मदत करणाऱ्या दुरुस्त्यांची यादी करावी. यादी तीन-चार गोष्टींपेक्षा लांबली, तर त्यांतल्या काही या चित्राच्या नसून पुढच्या चित्राच्या आहेत असे समजावे.

९. दुरुस्ती कितपत शक्य आहे

कडक झालेली कड ओल्या, ताठ ब्रशने हलके घासून आणि लगेच फडक्याने टिपून मऊ करता येते. फिकी करायची जागा दोन कागदी पट्ट्यांच्या मध्ये पकडून ओल्या स्पंजाने उचलता येते. रफ कागदावर पूर्ण वाळल्यानंतर ब्लेडच्या टोकाने खरवडून चमकीचे बारीक ठिपके काढता येतात, पण खरवडलेल्या जागी पुन्हा रंग देता येत नाही, म्हणून हे अगदी शेवटचे काम. गुवाश या अपारदर्शक जलरंगातला पांढरा थोड्या जागी वापरणे हा अपराध नाही; फक्त त्याचा निळसर, खडूसारखा पांढरेपणा कोऱ्या कागदाच्या पांढऱ्याशी जुळत नाही, म्हणून दोन्ही शेजारी येऊ देऊ नयेत.

मळलेला मोठा भाग मात्र दुरुस्त करण्याच्या भानगडीत पडू नये. रेखाटनाचा ट्रेसिंग पेपर तयार आहे, टोन ठरलेले आहेत, रंगांची पट्टी समोर आहे. नवा कागद घेऊन पुन्हा रंगवायला पहिल्यापेक्षा निम्मादेखील वेळ लागत नाही. त्याआधी 'एल' आकाराचे पुठ्ठे चित्रावर सरकवून पाहावेत. अनेकदा एका बाजूची पट्टी कापल्यावर चित्र सावरते.

१०. चित्र आणि त्याची कागदपत्रे जपा

टेप काढताना चित्रापासून दूर, तिरक्या दिशेने हळू ओढावा. चौकटीत बसवताना आम्लमुक्त माउंट (चित्राभोवतीची पुठ्ठ्याची चौकट) वापरावा, काच चित्राला टेकणार नाही एवढे अंतर ठेवावे आणि थेट उन्हाची भिंत टाळावी. चौकट करायची नसेल, तर चित्र आम्लमुक्त कागदांच्या मध्ये आडवे ठेवावे. गुंडाळी करू नये.

वाक्याची चिठ्ठी, लहान चौकटी, टोनचा अभ्यास, ट्रेसिंग पेपर आणि रंगांची पट्टी एका पाकिटात एकत्र ठेवून वर तारीख, कागदाचा प्रकार आणि वापरलेल्या रंगद्रव्यांचे संकेतांक लिहावेत. ट्रेसिंग पेपरच्या शिसे चोळलेल्या बाजूला साधा कागद लावायला विसरू नये, नाहीतर पाकिटातले बाकी सगळे काळे होते.